पहिल्या वीस पानांत एक मृत्यू

पुस्तक-परीक्षणाचा ब्लॉग चालवणाऱ्या त्या गृहस्थांनी आपले पसंतीपत्रक जाहीर केले, तेव्हा कोणाला दुखवण्याचा त्यांचा हेतू नव्हता. यापुढे फक्त रहस्यकथा स्वीकारल्या जातील. पहिल्या वीस पानांत निदान एक मृत्यू असावा आणि तो नैसर्गिक नसावा. आठवणी, कविता व कौटुंबिक मजकूर पाठवून उभयतांचा वेळ दवडू नये, एवढेच त्यात म्हटले होते.

पहिला फटका घरातच बसला. त्यांची थोरली बहीण एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात एकोणतीस वर्षे चादरी मोजून निवृत्त झाली होती. तिने शहाण्णव पानांचे पुस्तक लिहिले होते. ते धाकट्याने वाचावे, एवढीच तिची इच्छा होती.

गृहस्थांनी तिच्यापुढे अर्ज सरकवला. रकाने अकरा.

"प्रकार काय लिहू रे?"

"तेच तर तू सांगायचंस, ताई. कोणी मरतं का त्यात?"

"इस्पितळ आहे बाबा ते. मरतात की."

"कोणी मारलेलं?"

"न्यूमोनियाने."

"मग नाही बसत."

"चाळिसाव्या पानावर तू आहेस," ताई हळूच म्हणाली. "सात वर्षांचा, तापाने फणफणलेला. मी टॉवेलावर इस्त्री फिरवून तुझ्या पायांना—"

"म्हणजे कौटुंबिक," गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी फुली मारली.

ताई लेचीपेची नव्हती. भल्याभल्यांनी हात टेकलेले डाग तिने काढले होते. तीन महिने ती खाली मान घालून लिहीत बसली. धुलाईखान्याची मुकादम गुप्तहेर झाली. उशीच्या अभ्र्यावरच्या डागावरून ती खुनी ओळखू लागली.

"घे. आता खून आहे. आणि तुला चाळिसाव्या पानावरून अठराव्यावर आणलंय."

"तिथे मी काय करतो?"

"मरतोस."

गृहस्थ खुलले. "कशाने?"

"टॉवेलाने."

गृहस्थांना बहिणीचा अभिमान वाटला. पण अभिमानाला रकाना नव्हता. शिवाय मधल्या तीन महिन्यांत वारे फिरले होते. एका वजनदार ब्लॉगवाल्या बाईंनी आपल्याला रक्तपाताचा वीट आल्याचे जाहीर केले होते. त्यावर इतर सर्वांना ओळीने वीट आला. गृहस्थांना तो एक तारखेपासून आला. सुधारित पसंतीपत्रकानुसार आता फक्त खरेखुरे अनुभव चालणार होते, शक्यतो कष्टकरी स्त्रियांचे. कल्पित मृत्यू बाद.

"अरे, माझं पहिलं तसंच तर होतं!"

"असेल. तेव्हा धोरण वेगळं होतं."

"मग ती पहिली वही आणते. कपाटातच आहे."

"कलम नऊ बघ. एकदा नाकारलेलं पुस्तक दुसऱ्या प्रकारात घेता येत नाही. नाहीतर उद्या सगळेच येतील."

"सगळे म्हणजे कोण? माझा तू एकुलता एक भाऊ."

"म्हणूनच. घरच्यांना सूट दिली की लोक बोलतात."

घरी जाऊन ताईने दोन्ही वह्या चादरींच्या चळतीसारख्या एकीवर एक नीट ठेवल्या आणि कपाट लावून घेतले.

त्याच आठवड्यात गृहस्थांचा गाजलेला लेख आला: 'कष्टकरी स्त्रिया लिहीत का नाहीत?' लेखणी ओथंबून वाहत होती. चौदाशे वाचकांनी डोळे पाणावल्याचे कळवले. एकाने मात्र हा लेख आठवणींत धरावा की वैचारिकात, अशी पृच्छा केली आणि त्यावर दोन दिवस वाद चालला. लेखाला पसंतीचा पहिला अंगठा ताईचा होता. तिच्याकडे पसंतीपत्रक नव्हते. भाऊ लिहील ते ती वाचत असे.

अर्जाच्या अकरा रकान्यांत पुस्तकाच्या नावाचा रकाना नव्हता, ही गोष्ट अद्याप कोणाच्याही निदर्शनास आलेली नाही. तुम्हीही इथवर आलात. पाने किती, मृत्यू कितव्या पानावर, कशाने, सगळे तुम्हाला तोंडपाठ आहे.

नाव विचारलेत?