शेंगाचटणीला तेल सुटेना

हुलसूर गावच्या एप्रिलमधल्या जयंतीतलं रक्तदान शिबिर म्हणजे गुंडेराव आणि गुंडेराव म्हणजे माइक. "बांधवांनो, रक्त द्या!" असं ते बारा वर्षं ओरडत आले होते. स्वतः मात्र एक थेंब दिला नव्हता. दरवर्षी बोटाला सुई टोचली की यंत्रावर साडेअकरा यायचे आणि डॉक्टर म्हणायचे, "साडेबारा लागतं, पुढच्या वर्षी बघू." यंदा पुढचं वर्षच उरलं नव्हतं. जूनमध्ये साठी पूर्ण होणार, आणि साठीनंतर पहिल्यांदा देणाऱ्याचं रक्त घेत नाहीत. मंडळाने तर भरवशाने फलकही छापला: 'यंदाचे पहिले रक्तदाते – गुंडेराव'. खाली हात जोडलेला फोटो.

त्यांची लेक पंचशीला कलबुर्गीला प्रयोगशाळेत होती. फेब्रुवारीत ती हिरव्या पुडीचा डबा घेऊन आली.

"अप्पा, तांदळाच्या पिठाच्या कणांना आम्ही बारीक बारीक भोकं पाडतो. चुरमुऱ्यासारखं पोकळ. त्यात शेवग्याच्या पाल्यातलं लोह भरलंय. नुसता पाला खाल्ला तर निम्मं वाया जातं, हे अंगाला लागतं. जेवताना एक चमचा, वरून लिंबू. आन् आधी-नंतर तासभर चहा न्हाई."

इथेच माशी शिंकली. भाकरीचा शेवटचा घास आणि चहाचा पहिला घोट यांच्यात गुंडेरावांनी उभ्या जन्मात मिनिटाचं अंतर पडू दिलं नव्हतं. घरात चहा फक्त त्यांचाच व्हायचा. बायकोने, कोंडाबाईने, पित्तापायी तो कधीच सोडला होता.

दोन दिवस त्यांनी कळ काढली. तिसऱ्या दिवशी चहा जिंकला. पण पूड फेकायची कशी? लेकीची तीन वर्षांची मेहनत ती! मग रोज कोंडाबाईची पाठ वळली की ते चमचाभर पूड शेंगाच्या चटणीच्या भांड्यात ढवळून टाकू लागले. स्वतः ती चटणी खात नव्हते, कवळीत अडकायची. कोंडाबाईचं मात्र भाकरी, लिंबू आणि चटणीवरच भागायचं.

आठवड्यातच घरात बोंबाबोंब झाली.

"किती कुटली तरी चटणीला तेल सुटंना! नरसिंगनं पोचट शेंगा दिल्यात."

शेंगा परत गेल्या. किराणावाला नरसिंग काकुळतीला आला. "अक्का, समदा गाव ह्याच शेंगा खायलाय!" दुसऱ्या शेंगा आल्या, तरी चटणी कोरडी ठाक. कोंडाबाईने वरून पळीभर तेल ओतलं, तेही पुडीने पिऊन टाकलं. "तेलातबी पाणी!" म्हणत ती पुन्हा बाजारात गेली. पूर्वी अंगण झाडताना धापा टाकणारी ही बाई भांडायला बाजारात दोनदा चालत गेली, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. शेवटी तिने नरसिंगचं दुकान सोडलं.

"अण्णा, वीस वर्षांचं गिऱ्हाईक तुटलं बघा. माझं काय चुकलं?" नरसिंगने गुंडेरावांना विचारलं. खरं काय ते गुंडेरावांनी नरसिंगच्याच चहाबरोबर गिळून टाकलं.

रोज संध्याकाळी पंचशीलाचा फोन यायचा. "अप्पा, कसं वाटायलंय?"

"लई ताकद आली बघ. कालच ज्वारीचं पोतं उचललं."

"कवा?" आतून कोंडाबाई विचारायची.

जयंतीचा दिवस उजाडला. मांडव भरला, गुंडेरावांच्या बोटाला सुई टोचली. अकरा पूर्णांक चार.

मुद्दाम कलबुर्गीहून आलेल्या पंचशीलाचा चेहरा उतरला. "दोन महिने रोज घेऊनबी? म्हणजे माझं कामच चुकलं, अप्पा." तिचे डोळे भरून आले. गुंडेरावांना वाटलं, धरणी दुभंगावी. रक्त राहिलं बाजूला, लेक हरली होती.

चहाचा थर्मास घेऊन आलेली कोंडाबाई डॉक्टरांवर कडाडली. "यंत्र बिघडलंय तुमचं! माझं बोट टोचा बघू. संक्रांतीला तपासलं तवा दहा होतं."

तेरा आलं.

"अक्का, काय खाता तुम्ही?" डॉक्टर चकित झाले.

"काय खायाचं? भाकरी, लिंबू आन् चटणी. तीबी दोन महिने कोरडी, हिरवट," म्हणत कोंडाबाई रक्त द्यायला खाटेवर आडवीही झाली.

पंचशीलाने हळूच वडिलांकडे पाहिलं. गुंडेराव माइकची वायर न्याहाळत होते. मग त्यांनी माइक उचलला आणि बारा वर्षांत पहिल्यांदा हळू आवाजात बोलले, "बांधवांनो, माझ्या लेकीचं औषध बरोबर हाय. म्या खोटा. चहापायी रोजचा चमचा हिच्या चटणीत टाकलाव." मांडव हसला, तसा त्यांना धीर आला. "तवा ह्यातलं अर्धं रक्त माझंच समजा!"

"अर्धं कामून?" कोंडाबाई खाटेवरून ओरडली. तिच्या हाताला नळी लागली होती. "चमचा तुमचा, तेल माझं, आन् शेंगा नरसिंगच्या. आधी त्याची माफी मागा!"

पंचशीला डोळे पुसत हसत होती. गुंडेरावांनी रांगेतल्या नरसिंगची भर मांडवात माफी मागितली.

तोवर मंडळाच्या पोरांनी फलकावर त्यांच्या नावाआधी कागद चिकटवला: 'सौ. कोंडाबाई'.

"अण्णा, फोटो तुमचाच राहिलाय. झाकावं का?"

गुंडेरावांनी फलकाकडे पाहिलं, मग खाटेवरच्या बायकोकडे.

"राहू द्या," ते म्हणाले. "हात जोडलेले हायत न्हवं? मग बरोबर हाय."