चार बोटं वर

जनूअण्णांच्या घरी पाहुण्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत. खुर्चीच्या प्रत्येक पायाखाली वीट असते, त्यामुळे चांगला मिशीवाला माणूसही बालवाडीतल्या पोरासारखा पाय हलवत चहा पितो. फ्रीज विटांवर, कपाट विटांवर, पलंग तर दोन-दोन विटांवर. त्यांचं मांजर एकदा दारात निवांत बसलं होतं, तेव्हा मी उगाचच वाकून त्याच्या खाली बघितलं होतं.

हे सगळं मोठ्या पुरानंतरचं. महाडात आमच्या गल्लीला सावित्रीचं पाणी नवीन नाही. भिंतीवरची चिखलाची रेघ बघून ती कुठल्या पुराची ते सांगणारी माणसं आमच्यात आहेत. पण त्या वर्षी घराघरात पुरुषभर पाणी चढलं. आम्ही चिखल उपसला, रडलो, सावरलो. अण्णा मात्र गळ्यात शिंप्याची टेप अडकवून हिंडू लागले. वस्तू दिसली की ती जमिनीपासून किती उंच आहे ते मोजायचं आणि म्हणायचं, "चार बोटं वर हवी."

"अहो अण्णा, पाणी डोक्यावरून गेलं होतं. एका विटेनं काय होणार?"

"मास्तर, वरची चार बोटं तरी वाचतील का नाय?"



अण्णा कोर्टात बेलिफ होते. तालुकाभर नोटिसा बजावण्यात नोकरी गेली. निवृत्त झाले, पण भाषा कोर्टातच राहिली. आंघोळ करून आले की "आंघोळ बजावली." आणि काही टाळायचं असलं की "पुढची तारीख घे." या तारखा सगळ्यात जास्त कुणाला मिळाल्या असतील तर पारूवहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला. वहिनी ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, गुडघ्यांनी बेजार. पलंगावर चढायला त्यांना पाट लागायचा. "मला पन उभी करा एकदा विटेवर," त्या म्हणायच्या, "म्हंजे रखुमाय झाली." अण्णा हसायचे, पण पलंग काही खाली यायचा नाही.

मग अण्णांची नजर दारातल्या आपल्या जीपकडे वळली. जुनी, टपाची, अण्णांइतकीच हट्टी. तिची बॉडी चासीच्या सांगाड्यावरून उचलायची, मधे ठोकळे घालायचे, लांब बोल्ट मारायचे. झाली गाडी चार बोटं उंच. मेकॅनिक कशाला, आपण घरीच करू! एमआयडीसीतल्या एका लेथवरून त्यांनी नायलॉनचे ठोकळे कापून आणले, जॅक आणला, आणि दिवाळी संपताच कामाला लागले.

नेमकं तेव्हाच तुडील गावाहून आक्का पडल्याचा निरोप आला. आक्का ही वहिनींची थोरली बहीण. आई लहानपणीच गेली, वहिनींची वेणी घालण्यापासून लग्न लावून देण्यापर्यंत सगळं आक्कानं केलं. आता तिनं अंथरूण धरलं होतं आणि निरोप एवढाच होता, पारूला भेटायचंय.

"मी रिक्षानं जाते," वहिनी म्हणाल्या.

"दारात गाडी असताना रिक्षा? आक्का काय म्हनेल? पंधरा दिवसांचं काम हाय गो. पुढची तारीख घे."

पंधरा दिवसांत एक बोल्ट निघाला. बाकीचे गंजलेले. अण्णा एकेकावर रॉकेल ओतायचे आणि मला म्हणायचे, "हा हजर होत नाय, म्हनून दारावर नोटीस चिकटवून आलो." एका बाजूचे ठोकळे बसले आणि दुसऱ्या बाजूचे बसेनात, म्हणून गाडी पौषभर कुशीवर झोपल्यासारखी तिरकी उभी होती. बॉडी वर गेली तर स्टिअरिंगचा दांडा अपुरा पडला. तो लांबवला तर गिअरचा दांडा हाताला येईना. शिमगा झाला, पालखी नाचून गेली. मधे वहिनींनी दोनदा पिशवी भरली आणि दोनदा उपसली. मी टेप धरायचो, पाना द्यायचो आणि मनातून वैतागायचो.

एकदा राहवलं नाही. "अण्णा, बॉडी वर गेली, पण इंजिन जिथल्या तिथं आहे. पाण्यात गाडी बंद पडायची ती पडणारच."

"पडू दे," अण्णा गाडीखालूनच म्हणाले. "बसायची जागा कोरडी राहील." मग पाना बाजूला ठेवून म्हणाले, "पुराच्या दिवशी निघालो होतो ना आमी, तवा कोपऱ्यावर गाडी बंद पडली. पानी शिटेवर आलं. पारू मांडीभर पान्यात बसलेली, मास्तर. ओरडली नाय, काय नाय. नुसती माझ्याकडं बघत होती."



ज्येष्ठात गाडी तयार झाली. वर मोठे टायरही चढवले होते. अण्णांनी नारळ फोडला. वहिनी हिरवी साडी नेसून आल्या, हातात घावनांचा डबा, आक्काला दात नव्हते म्हणून मऊ घावनं. त्यांनी एक पाय उचलला, तो पायरीच्या अलीकडेच थांबला. पाट आणला, पाट डुगडुगला. अण्णा वरून ओढत होते, मी खालून आधार देत होतो, वहिनी हसत होत्या, सगळी गल्ली हसत होती. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग ते थांबेना. "राहू द्या," त्या गुडघा धरून खाली बसल्या. "उद्या रिक्षानं जाते."

रात्रीच आक्का गेल्याचा फोन आला.

रिक्षात वहिनी मधे, एका बाजूला अण्णा, एका बाजूला मी. तुडील येईपर्यंत घावनांचा डबा वहिनींच्या मांडीवर तसाच होता.

गणपती गेल्यावर एका सकाळी पुन्हा जॅकचा आवाज आला. जाऊन बघतो तर अण्णा ठोकळे काढत होते. या वेळी सगळे बोल्ट मुकाट्यानं निघाले. जुने टायर बसले, गाडी पहिल्यासारखी झाली. अण्णांनी डावी सीट फडक्यानं पुसली आणि हाक मारली, "पारू, ये गो. चढून बघ."

वहिनी दारात आल्या. "तुडीलला आता कोन हाय माजं?" आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

जन्मभर तारखा देणाऱ्या माणसाजवळ त्या दिवशी एकही तारीख नव्हती. पुसलेलीच सीट ते पुन्हा पुसू लागले. मला त्यांच्याकडे बघवेना. मग वहिनीच खाली आल्या, त्यांच्या खांद्यावर हात टेकवून एका दमात चढल्या आणि म्हणाल्या, "येतंय की चढता."

अण्णा पलीकडून येऊन बसले. किल्ली लावली नाही. 

संध्याकाळी चहाला बोलावलं. मी खुर्चीवर टेकलो आणि पाय एकदम फरशीला लागले. अण्णांनी विटा दाराबाहेर रचून ठेवल्या होत्या.  कपाकडे बघत ते म्हणाले, "मास्तर, यंदा पानी आलंच नाय हो."