बापूकाकांचं ‘उघडच आहे’

आमच्या शेजारच्या बापूकाकांना उभ्या सांगलीत कुणी कधी चकित केलं नाही. अणुबाँबची बातमी मी धावत जाऊन सांगितली, तर पानाला चुना लावत म्हणाले, "त्यात काय? उघडच आहे."

हयात कलकत्त्याच्या पेटंट कचेरीत गेलेली. लोकांच्या नव्या युक्त्या तपासायच्या आणि कुणालाही सहज सुचण्यासारखी असली तर ती नामंजूर करायची, हे काम. पेन्शन घेऊन एकटेच गावी आले तरी खोड जाईना. आईने भरल्या वांग्यात कारळं घातलं, नामंजूर. माझं लग्न ठरलं, तेही म्हणे उघडच होतं. त्या मुलीला दुसरा कोण मिळणार? शेवटी आम्ही त्यांना काही सांगायचंच सोडलं.

लढाई संपली आणि माझा कुंडलचा मित्र शंकर फौजेतून सुटून आला. तिथल्या वर्कशॉपात तो बेकलाइटची, म्हणजे त्या काळ्या टणक पदार्थाची, विजेची बटणं करायला शिकला होता. पेटंट मिळालं तर कारखाना काढ, नाहीतर मुकाट उसाला पाणी पाज, असं वडिलांनी बजावलेलं. त्याला बापूकाकांकडे मीच नेलं. विनाशकाले विपरीत बुद्धी, दुसरं काय!

"काका, तापल्या साच्यात भुकटी दाबली की आत वाफ कोंडती, बटनाला फोड येत्यात. मी काय करतो, आदी जरा दाबतो, साचा वाईच उचलून वाफ जाऊ देतो, मग पुन्ना गच्च दाबतो. येक फोड न्हाई!"

"उघडच आहे. भात उतू जायला लागला की कुठलीही बाई झाकण उचलते. नामंजूर."

शंकरचं तोंड उतरलं. पण गडी फौजेतला. "आवं काका, उत्तर ऐकल्यावर समद्यांनाच सोपं वाटतंय. आमचं सायेब लोक फोडाची बटनं नुसती फेकून द्यायचं. तुमी कुठल्या बाईला इचारलंसा?"

काकांचा चुन्याचा हात थांबला.

"विचारायचो," ते म्हणाले. "कलकत्त्यात रोज, जेवताना. हिला नुसती अडचण सांगायचो, उत्तर नाही. हिला सुचलं की अर्ज नामंजूर. ‘मला नाही बाई सुचत’ म्हणाली की मंजूर. ही गेल्यापासून मला सगळंच उघड वाटतं."

इतकी वर्षं आम्ही या माणसाची टिंगल केली होती.

काका उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. त्यांचा डबा खानावळीतून यायचा. चूल कधी पेटलेलीच नव्हती.

"अगं, साच्यात वाफ कोंडते, बटणांना फोड येतात. काय करावं?"

उंबऱ्याशी ते बराच वेळ थांबले. मग आमच्याकडे वळले.

"नाही सुचत म्हणते," काका म्हणाले. "कर अर्ज."