मेहकर–नांदुरा, साधी गाडी

सकाळी सात वाजता श्रेयस चौथ्यांदा संडासात गेला आणि धम्मरत्नने आपली वाट पाहू नये, असं त्याने आतूनच सांगितलं.

दीड तासात मेहकरहून रॅली सुटणार होती आणि श्रेयस धम्मरत्नचा नॅव्हिगेटर होता, म्हणजे शेजारी बसून रस्ता आणि वेळ सांगणारा माणूस. पुण्याच्या या गृहस्थाने आदल्या रात्री डोणगावात धम्मरत्नच्या आईच्या, अन्नपूर्णाबाईंच्या हातचा ठेचा 'काही एवढा तिखट नाही' असं म्हणत तीनदा मागून घेतला होता. मागणाऱ्याला नाही म्हणायची त्या घराची रीत नव्हती.

धम्मरत्न गाड्या पळवून पोट भरणारा माणूस. कार्ट झाली, फॉर्म्युला झाली, वाळवंटातली रॅली झाली, ट्रकांची शर्यतही झाली. चाकं असलेलं काहीही द्या, तो पळवणार. एका मोठ्या कंपनीचा संघ पुढल्या वर्षी त्याला घ्यायला तयार होता. अट एकच, या रॅलीत पहिल्या तिघांत यायचं. आणि नेमकी हीच रॅली त्याला जमत नसे, कारण हिच्यात पळायचं नसतं. दिलेल्या सरासरी वेगाने प्रत्येक नाक्यावर ठरलेल्या सेकंदाला पोचायचं असतं. उशीर झाला तर गुण जातात, लवकर पोचलात तर दुप्पट जातात. धम्मरत्न आजवर प्रत्येक नाक्यावर लवकरच पोचला होता.

नियमाप्रमाणे शेजारी कोणीतरी हवंच. घरात रिकामा माणूस एकच होता, त्याचे वडील पुंजाजी, एसटीचे निवृत्त चालक. मेहकर–नांदुरा ही साधी गाडी त्यांनी एकतीस वर्षं चालवली आणि कोणाच्या कोंबडीलाही धक्का लावला नाही. पोराच्या धंद्याबद्दल त्यांचं मत बारा वर्षं जागचं हललं नव्हतं. गोल फिरून जिथून निघाला तिथंच येणाऱ्या माणसाला ते ड्रायव्हर मानत नसत, आणि त्याच्या गाडीत ते एकदाही बसले नव्हते. धम्मरत्नने कपाटभर चषक आणले, पण बापाच्या तोंडून एक चांगला शब्द निघाला नाही, हे त्याच्या मनाला फार लागून राहिलं होतं.

"बाबा, चलता का?" त्याने जीव मुठीत धरून विचारलं.

पुंजाजींनी पेटीतला खाकी शर्ट काढला. "चालतो. पन मी सांगीन तसं चालवा लागन."

मेहकरला गाडीला हिरवा झेंडा मिळाला आणि मग कळलं की वेळेचं सगळं गणित श्रेयसच्या टॅबमध्ये आहे, आणि टॅब श्रेयसच्या अंगठ्याशिवाय उघडत नाही. अंगठा डोणगावात, संडासात. पुंजाजींना त्याचं काहीच वाटलं नाही. या रस्त्याला कसलं गणित, असं त्यांचं म्हणणं.

गावाबाहेर एका म्हातारीने हात दाखवला. पुंजाजींनी डॅशबोर्डवर बोटाने एकदा टकटक केलं.

"बाबा, शर्यत चालू आहे."

"हात दाखवला का गाडी थांबते. म्हातारी उन्हात उभी हाय, दिसून नाही राह्यली का तुले?"

बापाच्या आवाजाने धम्मरत्नचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. म्हातारी सावकाश बसली, पिशवी सावरली, आणि दोनदा टकटक झाल्यावर गाडी निघाली. पुढच्या फाट्यावर निशिगंधा मॅडम चढल्या, त्यांची शाळा जानेफळला. त्याच्यापुढे रामराव, सोयाबीनच्या कट्ट्यासह, म्हणजे भरल्या पोत्यासह. नियमावलीत जास्तीचा माणूस घेऊ नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं, कारण लिहिणाऱ्याला ते सुचलंच नसावं. मागून येणाऱ्या गाड्या भोंगे वाजवत पुढे गेल्या. गेलेला वेळ भरून काढायला धम्मरत्नने जरा पाय दाबला, तर पुंजाजींचा हात थेट हँडब्रेकवर गेला. "मांगं सवारी हाय," एवढंच ते म्हणाले.

जानेफळच्या नाक्यावर पंचांनी वेळ टिपली. पुढे शंभर पावलांवर पुन्हा टकटक झालं.

"आता कोण?"

"कोनी नाही. इथं गाडी दहा मिनिटं थांबते."

पुंजाजी खाली उतरले आणि चहा सांगितला. धम्मरत्न स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. संघ गेला, वर्ष गेलं, हे त्याला आता स्पष्ट दिसत होतं. मग त्याने डोकं वर केलं. सगळं हातचं गेलंच आहे, तर बाप शेजारी बसलाय ही संधी तरी सोडायची नाही, असं त्याने पक्कं ठरवलं. खामगाव ओलांडून नांदुऱ्यापर्यंत तो पन्नासच्या वर गेला नाही. खड्डा आला की हलकेच, हात दिसला की टकटक व्हायच्या आत थांबला. म्हातारीला तर त्याने स्वतः उतरून हात दिला आणि रामरावांचा कट्टा टपरीपर्यंत नेऊन ठेवला.

नांदुऱ्याला निकाल लागला. धम्मरत्न पहिला. सगळे नाके मिळून फरक चार सेकंदांचा. आयोजकांनी दिलेली सरासरी आणि साध्या गाडीचं वेळापत्रक, थांबे आणि चहा धरून, तंतोतंत जुळलं होतं. धम्मरत्नचा विश्वास बसेना. पुंजाजींना आश्चर्य फक्त त्या चार सेकंदांचं वाटलं, आणि त्यांनी त्याचा दोष रामरावांच्या कट्ट्याला दिला.

संघाच्या व्यवस्थापक अर्पिता मॅडम करार घेऊनच आल्या. करार दोघांचा होता, चालकाचा आणि पुंजाजींचा. श्रेयसचं नाव त्यात नव्हतं. सही करायला पेन देताना त्यांनी सहज विचारलं, "काका, मुलगा कसा चालवतो?"

पुंजाजींनी पेन बाजूला ठेवलं.

"पळवते तं कोनीबी," ते म्हणाले. "ह्याले थांबता येते."

धम्मरत्न टायरमधली हवा बघायला म्हणून खाली वाकला आणि बराच वेळ वर आला नाही.