कोचचा चेहरा

माणसाचं मन ओळखण्यात माझा हात धरणारा अख्ख्या ओक्लाहोमात सापडायचा नाही! उगाच का मानसशास्त्राची डॉक्टरेट घेऊन मी कॉलेजच्या मुलींना गोल्फ शिकवतो? चेंडू काय, कुणीही मारतं. मी डोकी तयार करतो!

माझे नियम दोनच. खेळताना कोण पुढे, कोण मागे हे विचारायचं नाही. आणि माणसाच्या बोलण्यावर जायचं नाही, त्याच्या देहाकडे बघायचं. तोंड खोटं बोलतं, खांदे बोलत नाहीत. मुलींना हे इतकं पटलं की कॅन्टीनच्या आचाऱ्याने 'आजचा मीटलोफ ताजा आहे' म्हणताना मान खाजवली तरी त्या ताटाला हात लावीनात!

स्पर्धेचा शेवटचा दिवस उजाडला. करंडक आमच्या कॉलेजात कधीच आला नव्हता. गेल्या वर्षी अगदी दाराशी येऊन परत गेला, कारण शेवटच्या होलपुढच्या तळ्यात आमच्या टेगनने लागोपाठ दोन चेंडू बुडवले. पोरगी आठवडाभर धड जेवली नव्हती. यंदा तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष.

निघताना बायकोने खोकं पुढे केलं. आत पांढरेशुभ्र नवे बूट!

"घाल बघू, डेल!"

घातले. पाय आत गेले आणि जीव बाहेर आला.

"लहान होतायत का रे?" लोरेनने काळजीने विचारलं.

"छे छे! पायावर बेतून शिवल्यासारखे आहेत!"

आता ती दिवसभर मैदानावर माझ्या सोबत चालणार म्हटल्यावर बूट काढायची सोय उरली नाही. अर्ध्या वाटेवर करंगळीने बंड केलं. पुढे टाच त्या बंडात सामील झाली. मी ओठ चावत, फेंगडा चालत राहिलो.

"कोचचा चेहरा बघ," मागून एक मुलगी कुजबुजली. "मेलो आपण!"

वास्तविक आम्ही तब्बल तीन फटक्यांनी पुढे होतो! मला ते ठाऊक होतं, मुलींना नव्हतं.

शेवटच्या होलवर सगळी भिस्त टेगनवर. तिने तळ्यापलीकडे थेट मारायला लांब काठी उपसली. मी फेंगडतच तिच्यापाशी पोचलो.

"टेगन, बाई गं, चेंडू तळ्याच्या अलीकडेच टाक. मग सावकाश पलीकडे."

"आपण हरतोय ना, कोच?"

"अगं, झकास चाललंय!" मी म्हणालो आणि नेमकी करंगळीतून कळ गेली.

"मग दात का आवळलेत?"

"नियम गेला खड्ड्यात! तीन फटक्यांनी पुढे आहोत आपण!" मी ओरडलो. आवाज चिरकला. डोळ्यांत पाणी आलं.

टेगनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तोंड खोटं बोलतं, तुम्हीच शिकवलंत. मला धीर द्यायला खोटं बोलताय ना? हे मी जन्मात विसरणार नाही, कोच!"

आणि तिने काठी फिरवली. मी डोळे मिटले. चेंडू तळ्यावरून गेला, पलीकडच्या काठावर आपटला, क्षणभर अडखळला आणि टुणकन हिरवळीवर चढला!

आणखी दोन हलक्या फटक्यांत तो होलमध्ये गेला आणि फलकावर निकाल झळकला. जिंकलो! टेगन काठी फेकून नाचायला लागली. गेल्या वर्षीचं ओझं तिच्या चेहऱ्यावरून उतरताना मी पाहिलं, आणि या वेळी मात्र खरोखर आनंदाने रडलो.

मग राहवेना. पाय गार पाण्यात घालावेत म्हणून मी तळ्याकडे धाव ठोकली. जिंकणाऱ्यांनी त्या तळ्यात उड्या मारायची या स्पर्धेत रीतच आहे.

"कोच उडी मारतायत!" पोरी किंचाळल्या आणि मला घेऊन सगळ्या धपाधप पाण्यात! काय सांगू, स्वर्ग!

काठावर लोरेन डोळे पुसत उभी होती. "दिवसभर तुझ्या चेहऱ्याकडे बघत होते, सारखे डोळे भरून येत होते तुझे. तेव्हाच ओळखलं, बूट तुला किती आवडलेत ते!"

"हो ना गं," मी शक्य तितकं दुःखी तोंड करून म्हणालो. "पण बघ, भिजले. आता वाया गेले."

"त्याची नको काळजी!" ती म्हणाली. "एकावर एक फुकट होता. दुसरा जोड गाडीतच आहे!"