हिशेबनीस पाहिजे, झोप उत्तम असावी

हिशेबनीस निवडायची आप्पांची पद्धत साधी होती. माणूस आला की त्याला गादीवर आडवं करायचं आणि बघत बसायचं.

"पाठीवर उताणा झोपतो तो प्रामाणिक," आप्पा सांगत. "कुशीवर झोपतो तो हुशार, पण त्याच्यावर नजर ठेवावी लागते. आणि पालथा झोपणारा काहीतरी लपवत असतो. उभा जन्म गाद्या विकण्यात गेला माझा, उगाच नाही बोलत."

आप्पांनी जन्मभर गाद्या विकल्या हे खरंच होतं. पण त्या गाद्यांवर झोपणाऱ्यांपैकी पुढे चोर कोण निघाला आणि साव कोण, याची चौकशी त्यांनी कधी केल्याचं सूनबाईला आठवत नव्हतं. ती गप्प बसायची. हिशेबनिसाची सगळ्यात जास्त गरज तिलाच होती.

जुने हिशेबवाले काका लेकीकडे राहायला गेले, तेव्हा घरादाराची नजर सूनबाईकडे वळली. लग्न ठरवताना कुणीतरी "मुलगी कॉमर्स झालेली आहे" असं बोलून गेलं होतं. कॉलेज घराजवळ होतं म्हणून ती कॉमर्सला गेली होती, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. तिचा जीव रमायचा तो कापडात. दुकानाच्या मागच्या बाजूला तिचं कापायचं टेबल होतं. तिथे ती अभ्रे आणि रजया बेतायची, आणि तिच्या रजया बघायला लोक मुद्दाम वाट वाकडी करून यायचे. काका गेले आणि त्या टेबलावर पावत्या येऊन पडल्या. तेव्हापासून तिने कात्रीला हात लावला नव्हता.

पावत्या ठेवायची काकांची एक रीत होती. वर्षभराच्या सगळ्या पावत्या ते एका उशीच्या खोळीत कोंबत. दुकानात खोळी हव्या तेवढ्या होत्या, मग कपाटाला पैसे कोण घालणार? खोळ भरली की तोंड शिवून टाकायचं, की झालं वर्ष. चालू वर्षाची उशी आता चांगली टम्म फुगून सूनबाईच्या टेबलावर लोळत होती.

"महिनाअखेरपर्यंत कुणी मिळालं तर ठीक," आप्पांनी जाहीर केलं, "नाहीतर सूनबाईच कायमची बघेल. बाहेरच्या माणसापेक्षा घरचं माणूस बरं."

"आणि स्वस्त," आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे आप्पांच्या बहीण.

सूनबाईने नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "बघू." नवरा लग्नापासून बघतच होता.

पहिला उमेदवार टाय लावून आला. आप्पांनी दाखवलेल्या गादीकडे त्याने लांबूनच पाहिलं. "मी हिशेब करायला आलोय," तो म्हणाला, "ऑपरेशनला नाही." आणि गेला.

"बघितलंस?" आप्पा म्हणाले. "पाठ टेकायला घाबरला. मनात पाप असणार."

दुसरी आली ती एक तरुण बाई. तिने बसायच्या आधी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. "मी तासावर पैसे घेते," ती म्हणाली. "आजची भेट फुकट आहे, म्हणून पटकन बोलू." मग तिने उशीत हात घालून एक मूठ पावत्या काढल्या आणि वाचायला लागली.

"हा मासे धरायचा गळ. गादीत कुठे वापरतात?"

"टाके घालायला," नवरा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"आणि या आत्याबाई कोण? गुणवत्ता तपासनीस म्हणून पगार दिसतोय."

"मीच ती," आत्याबाई ताठ बसून म्हणाल्या. "नवी गादी आली की जेवणानंतर तिच्यावर झोपून बघते मी. एक दिवस सुट्टी घेत नाही."

बाईने मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. ते लिहिणं कुणालाच आवडलं नाही. घराला हवा होता तो हिशेबनीस तल्लख, पण आपल्या बाबतीत जरा मंद. सुदैवाने आत्याबाईंना अडचण सापडली. "परक्या बाईमाणसाला दुकानाच्या काचेसमोर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत आडवं व्हायला सांगायचं? शोभतं का ते?" स्वतः आत्याबाई त्याच काचेसमोर रोज तोंड उघडं टाकून घोरत, पण ती नोकरी होती.

"परीक्षाच घेता येत नाही म्हटल्यावर नेमायचं कसं?" आप्पा म्हणाले, आणि सगळ्यांना हायसं वाटलं. सूनबाईने मात्र त्या बाईचं कार्ड गुपचूप सुयांच्या डबीत टाकलं.

तिसरा येणार होता शनिवारी दुपारी. आणि शनिवारी दुपारी एक गलेलठ्ठ गृहस्थ आले. डोळे लाल, चेहरा ओढलेला. ते तोंडाने एक अक्षर न बोलता थेट गादीकडे गेले, चपला काढल्या आणि उताणे पडले. आप्पा "नमस्कार" म्हणेपर्यंत त्यांचं घोरणं सुरू झालं होतं.

"अगदी उताणा!" आप्पा कुजबुजले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि झोप बघ. एक पाप नाही या माणसाच्या पोटात."

"आप्पा, नाव तरी विचारा," सूनबाई म्हणाली.

"नावात काय आहे? झोप बघ, झोप!"

आत्याबाईंनी पंखा त्यांच्या बाजूला वळवला. उन्हं कलली तेव्हा गृहस्थ जागे झाले. इकडे तिकडे बघितलं आणि त्यांना गहिवरून आलं. "कित्येक महिन्यांनी झोपलो हो," ते म्हणाले. "मला दुसरं काही बघायचंच नाही. पक्कं!"

"आमचंही पक्कं!" आप्पांनी त्यांचा हात धरला. "कधीपासून सुरू करता?"

"आज रात्रीपासूनच! ही गादी घरी पाठवून द्या."

सूनबाईच्या कपाळावर आठी चढली. पण आप्पा आता कुणाचं ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. रात्री जागून काम करणारा माणूस, त्याला गादी लागणारच! त्यांनी गादी टेम्पोत चढवायला लावली, आणि सूनबाईच्या टेबलावरची उशी उचलून, तोंडाला दोन टाके घालून, स्वतःच्या हाताने गृहस्थांच्या काखेत दिली. "हीसुद्धा न्या. घरी निवांत बघा, घाई नाही."

"उशी वरून?" गृहस्थ भारावले. "असं दुकान नाही बघितलं बुवा!"

टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला. तेवढ्यात एक बारीकसा माणूस धापा टाकत दारात आला. हातात फायली होत्या. "माफ करा, उशीर झाला. हिशेबनिसाच्या जागेसाठी बोलावलं होतं ना?"

 आप्पांनी खुर्ची शोधली आणि ते मटकन बसले. नव्या उमेदवाराला गादी दाखवायचंही कुणाला सुचलं नाही. त्या बारीक माणसाने परिस्थिती ऐकून घेतली, वर्षभराच्या पावत्या कुठे आहेत ते विचारलं, आणि उत्तर मिळताच फायली उचलून आल्या पावली निघून गेला.

रविवार कसाबसा गेला. टेम्पोवाल्याला एवढंच आठवत होतं की घर पिवळं होतं आणि जिने फार होते. नवरा पिवळी घरं शोधत गावभर फिरला. आत्याबाईंना भरल्या दुपारी झोप येईना. आप्पा सारखे म्हणत होते, "पण झोपला उताणाच होता ना? सांगा ना, उताणाच होता ना?" सूनबाई मोकळ्या टेबलाकडे बघत उभी होती. टेबल मोकळं झालं होतं, आणि तिला रडू येत होतं. पावत्या गेल्या तर गेलेल्या सगळ्या वर्षाचा हिशेब तिलाच आठवून आठवून मांडावा लागणार होता, आणि मग या टेबलावरून तिची सुटका जन्मात नव्हती.

सोमवारी दुकान उघडायला आणि गृहस्थ यायला एकच गाठ पडली. चेहरा टवटवीत होता आणि काखेत उशी होती.

"पैसे द्यायचे राहिले होते," ते म्हणाले. "गादी फर्स्टक्लास. पण एक तक्रार आहे, राग मानू नका. ही उशी रात्रभर कुरकुरते हो. कूस बदलली की खसखस, खसखस. बायको म्हणाली, उंदीर आहे. काय भरता तरी काय तुम्ही हिच्यात?"

सूनबाईने ती उशी त्यांच्या हातातून अक्षरशः ओढून घेतली आणि पोटाशी धरली. बदल्यात तिने त्यांना दुकानातली सगळ्यात मऊ उशी दिली. मग ती आत गेली, सुयांच्या डबीतून कार्ड काढलं आणि फोन लावला.

"तुम्हाला एक विचारायचं होतं," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आमच्याकडे येऊन तासभर झोपाल का?"

पलीकडून लगेच उत्तर आलं. "झोपेन. पण माझा दर तोच राहील."

त्यानंतर सूनबाई आणखी थोडं बोलली, ते बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही.

आत्याबाईंच्या अडचणीवर तोडगा म्हणून सूनबाईने काचेसमोर एक मोठी रजई पडद्यासारखी टांगली. साक्षीदार म्हणून पडद्याआड आत्याबाईच बसल्या, आणि उमेदवाराच्या आधी त्यांनाच झोप लागली. बाई घड्याळ उशाशी ठेवून कुशीवर झोपली.

"कुशीवर," आप्पा दुकानात येरझाऱ्या घालत पुटपुटले. "हुशार आहे. नजर ठेवावी लागेल. कठीण आहे."

तासाभराने बाई उठली, केस सारखे केले, पर्समधून बिलबुक काढलं आणि एक पावती फाडून आप्पांच्या हातात दिली. आप्पांनी चष्मा लावून वाचलं. 'गादीवर झोपणे, एक तास.' खाली तारीख, सही, शिक्का.

"झोपेचं बिल?" आप्पांचा आवाज चिरकला.

"काम तुमचं होतं ना? माझं असतं तर घरी झोपले असते."

आप्पांनी पावती पुन्हा वाचली. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "हीच!" ते ओरडले. "अरे, जी बाई स्वतःची झोप फुकट घालवत नाही, ती आपला पैसा काय फुकट घालवेल?" तिने न सोडलेला पहिला पैसा आपलाच होता, हे त्या आनंदात त्यांच्या ध्यानात आलं नाही.

आरड्याओरड्याने आत्याबाई जाग्या झाल्या आणि त्यांनी पावती हिसकावून घेतली. "तासाला एवढे?" त्या किंचाळल्या. "मग मी काय इतकी वर्षं धर्मादाय झोपले? माझा पगार वाढवा!"

"वाढवू की," नवी हिशेबनीस शांतपणे म्हणाली. "आधी मागच्या झोपेच्या नोंदी द्या. कुठली गादी, किती वेळ, काय आढळलं."

आत्याबाईंनी पावती आप्पांच्या हातात परत दिली. नवऱ्याने हळूच मासे धरायचा गळ टेबलाखाली सरकवला.

हिशेबनीस पावत्यांची उशी घेऊन गेली. टेबल मोकळं झालं, आणि या वेळी सूनबाईला रडू आलं नाही. तिने लाकडावरून हात फिरवला, कात्रीला तेल दिलं, कापड पसरलं. मग तिला राहवेना. ती पुढे जाऊन काचेजवळच्या गादीवर पडली, आणि उशीत तोंड खुपसून घेतलं.

"सूनबाई," आप्पा काळजीने म्हणाले, "पालथी का गं?"

"काही नाही, आप्पा," उशीतून दबलेला आवाज आला. तिचे खांदे हलत होते. "दमलेय जरा."

फोनवर ती शेवटी एवढंच म्हणाली होती, "कुठल्याही कुशीवर झोपा, पण उठल्या उठल्या बिल फाडा. आमच्या आप्पांना तेच आवडेल."

आप्पांचं शास्त्र त्या दिवशी पहिल्यांदाच तंतोतंत खरं ठरलं, आणि ते त्यांना कुणी सांगितलं नाही.