लाटंबार्सेच्या रानातलं पाऊल

वाघ शोधायला अक्कल लागते आणि ती माझ्याकडे आहे, असं मी १९८८ साली अख्ख्या स्टाफरूमला ऐकवलं होतं! गोवा नुकतंच राज्य झालेलं, विद्यापीठही नवं, आणि मी, शाळेतला विज्ञानाचा नितीन मास्तर, थेट डॉक्टरेट करायला निघालेलो! विषय: लाटंबार्सेच्या सदाहरित जंगलातले पट्टेरी वाघ. माझ्या गाइड चंद्रावतीबाई म्हणाल्या, "तिथे वाघ आहे याचा एक तरी पुरावा दाखव. सोमवारपर्यंत. नाहीतर विषय रद्द!"

आणि शनिवारी ओढ्याकाठच्या चिखलात मला पाऊल दिसलं! आनंदानं रडलोच हो मी! भोवती गोल दगड मांडले, पोटावर पालथा पडून फुंकर मारून पाला उडवला, ठसा घ्यायला तांब्यानं दुधासारखं पातळ प्लास्टर ओतलं आणि "लवकर सुक रे बाबा!" म्हणत हात जोडून बसलो. सुकेल तर शपथ! त्या जंगलात हवा कसली, ओला टॉवेलच. शेवटी भूक अनावर झाली आणि गावात भाजी-पाव खायला गेलो.

परत येतो तर काय! प्लास्टरवर शेंदूर, जास्वंद, पुढ्यात फोडलेला नारळ! गावचे मानकरी शिवदासबाब पाच-सात जणांना घेऊन आरती म्हणताहेत. या भागात वाघाला देव मानतात, ते मी विसरलोच होतो. मी घाईघाईनं ठसा उचलायला गेलो, तर शिवदासबाब आडवे आले.

"मास्तर, कितें करतात? पुजलेलो देव हालोवंचो न्हय!"

"अहो, मला तो बाईंना दाखवायचाय!"

"मगीर बाईंक हांगा हाडात."

झालं! बाईंनाच इथे आणायचं! पोस्टातून फोन लावला. "बाई, पुरावा मिळाला, पण तो येणार नाही. तुम्हीच या. आणि येताना नारळ आणा."

सोमवारी बाई आल्या. तासभर चिखल तुडवून, पायाला तीन जळवा लावून! त्यात शिवदासबाबांनी चपला काढायला लावल्या. बाईंनी नमस्काराला वाकून प्लास्टरची कड हळूच उचलली, खाली भिंग धरलं आणि डोळेच मिटले. मला वाटलं, गहिवरल्या!

"नितीन," त्या माझ्या कानात म्हणाल्या, "वाघ चालताना नखं आत घेतो. इथे चारही उमटलीत. हा कुत्रा आहे!"

विषय तर गेलाच, आता गावही मला याच ओढ्यात बुडवणार! पण सांगायला तर हवं.

"शिवदासबाब... रागावू नका... हा वाघ नव्हे."

"तें आमकां खबर आसा," शिवदासबाब शांतपणे म्हणाले. "आमच्या बाबलीच्या सुण्याचो पांय तो. दर सकाळीं हांगा उदक पियेता."

"कुत्रा आहे हे माहीत होतं, मग पूजा कशाला मांडलीत?"

"तुमी दूध ओतलें, लोटांगण घातलें, हात जोडून रडले! आमी काजीच्या भाटांतल्यान पळयतालों. म्हटलें, शिकिल्लो मनीस, तुमचो देव आसतलो. आमी कित्याक अडयतले?"

म्हणजे काजूच्या बागेतून हे सगळे मला बघत होते! बाईंनी भिंग पर्समध्ये टाकलं आणि विषय तिथल्या तिथे रद्द केला. आरती मात्र मलाच म्हणावी लागली. देव माझा ना!